साठीच्या पुढच्या चौदाजणी

साखर कारखान्याच्या बारदान गोदामात सकाळी आठचा भोंगा व्हायच्या आत दगडाबाई हजर असायची आणि आल्या आल्या तिचं पहिलं काम म्हणजे भांडण. कुणाशी भांडायचं ते आधी ठरलेलं नसे. समोर जी येईल ती.

बाई मूळची पाथर्डीकडची. तिच्या आधीची तीन भावंडं जगली नाहीत, म्हणून आईबापांनी हिला दगडा म्हटलं, की यमालासुद्धा उचलून न्यावीशी वाटू नये. युक्ती लागू पडली. लग्न झालं, नवऱ्याबरोबर ऊस तोडायला पुणतांब्याच्या बाजूला आली, फडाच्या कडेला कोपी घालून राहिली, आणि तिसऱ्या हंगामात नवरा काविळीने गेला. टोळी माघारी निघाली तेव्हा ही गाडीत चढली नाही. "जाऊन काय करू? दिराच्या चुलीपुढं बसून त्याच्या बायकूची तोंडं बघू?" म्हणाली आणि राहिली. मूलबाळ नव्हतं. रानोमाळ खुरपत फिरली, आणि छप्पन साली कारखाना उभा राहिला तशी बारदानात लागली. पुढे मुकादमीण झाली.

बारदानाचं काम समजायला अवघड नाही. साखर भरायची तागाची पोती येतात, त्यांतली फाटकी, उसवलेली बाजूला काढायची आणि दाभण-सुतळीने शिवून द्यायची. या कामाला चौदा बायका होत्या. त्यांतल्या दगडाबाई धरून पाच जुन्या. नऊ नव्या, विशी-बाविशीच्या. सगळ्या हंगामी कायम, म्हणजे दर हंगामाला कारखान्याने बोलवायचंच.

गोदामाला दार एकच. दाराशी उजेड आणि वारा. आत गेलं की काळोख आणि तागाचा धुरळा, की दुपारपर्यंत नाकातोंडात पोतं शिवल्यासारखं व्हायचं. दाराशी पाच जुन्या बसत, आत नऊ नव्या. शिवाय दिवसाच्या शेवटी सुतळीचे जे तुकडे उरत ते दारात बसणारींचे, असा रिवाज पडून गेला होता. त्यांची दावी वळून त्या बाजारात विकत. हा रिवाज कुणी पाडला? दगडाबाईने. कुणाला विचारून? कुणालाच नाही.

बहात्तर सालच्या डिसेंबरात एस्तेर साळवे नावाची पोर एका सकाळी लवकर आली आणि सरळ दारात जाऊन बसली. श्रीरामपूरची, मिशनच्या शाळेत सातवी झालेली. दगडाबाईने तिची भाकरीची फडकी उचलली आणि आतल्या अंधारात भिरकावली. एस्तेरने दगडाबाईचं पाण्याचं भांडं लाथेने उडवलं. मग जे व्हायचं ते झालं. नऊ पोरींनी दाभणं खाली ठेवली, पाच म्हाताऱ्यांनी त्यांच्या आयांचा उद्धार केला, आणि साखरघरात पोती पोचली नाहीत. अर्धा तास भरणी थांबली. पोती शिवणाऱ्या बायकांमुळे कारखाना अडला, ही गोष्ट साहेब लोकांच्या फार जिव्हारी लागली.

म्हणून कानवडे साहेब आले. हे कामगार कल्याण अधिकारी. वय अठ्ठावीस, पुण्याला सहा महिन्यांचं शिक्षण घेऊन आलेले, पॅन्टला कडक इस्त्री. मुलगा चांगला होता. चांगल्या मुलांनी या जगात जेवढं नुकसान केलंय तेवढं वाइटांना जमलेलं नाही.

"बायांनो," ते म्हणाले, "भांडण मिटवायचा एकच उपाय आहे. खेळ. एकत्र खेळलं की मनं जुळतात. सव्वीस जानेवारीला आपण तुमच्या खात्याचे खेळ ठेवू."

बनुबाईने, म्हणजे दगडाबाईच्या शेजारी सोळा वर्षं बसणाऱ्या तिच्या एकुलत्या एका मैत्रिणीने, विचारलं, "खेळ म्हंजी? आमी?"

"तुम्हीच. कोणते खेळ ते तुम्हीच निवडायचे. जुन्यांतर्फे दगडाबाई, नव्यांतर्फे एस्तेर. बोला."

"खो-खो," एस्तेर म्हणाली.

"तू बस खो घेत. माझे गुडघे तुझ्या बापानं दिल्यात का?"

"मग लंगडी," एस्तेर गोड आवाजात म्हणाली. "मावशी तशाबी लंगडत्यातच."

आतून नऊजणी खिदळल्या. कानवडे साहेबांनी हात वर केले. त्यांच्याकडे वहीत एक तोडगा तयार होता. "तीन पायांची शर्यत! एक जुनी, एक नवी, अशी जोडी लावायची. एकीचा उजवा पाय, दुसरीचा डावा, एकत्र बांधायचे आणि पळायचं. म्हणजे आपोआप समजूत वाढते."

बनुबाईने कपाळाला हात लावला. दगडाबाई उठून उभी राहिली.

"साहेब, आमच्यात पाय बांधत्यात ते मढ्याचं. मी मेले की बांधा. तवर माझ्या पायाला सुतळी लावायला कोन पुढं येतंय ते मला बघायचंय."

साहेब ओशाळले. मग संगीत खुर्ची निघाली. खुर्च्या कुठल्या, म्हणून पोती मांडायची ठरली, आणि बसताना एखादी म्हातारी पडली तर दवाखान्यात कोण नेणार म्हणून तीही गेली. फुगडी दगडाबाईनेच काढली आणि एस्तेरने मोडली: "मावशी हात सोडून देतील मुद्दाम." आणि ते खरंच होतं.

शेवटी तीच म्हणाली, "ह्या घोड्यांच्या संगं आमाला पळवू नका. ज्याचं जसं वय तसा त्याला खेळ लावा. म्हाताऱ्यांना बसून खेळायचा द्या. दाभनात सुतळी ववायची लावा. बघू कोन लौकर ववतंय."

साहेबांना हे इतकं पसंत पडलं की त्यांनी तिथेच कागद काढला आणि तीन गट पाडले. तिशीच्या आतल्यांना धावायची शर्यत, बक्षीस प्लास्टिकचा डबा. तीस ते साठ, भरभर चालायची शर्यत, बक्षीस चाळणी. साठीच्या पुढे, बसून दाभण ओवणे, बक्षीस पितळी कळशी. वडीलधाऱ्यांचा मान म्हणून कळशी. गट लागण्यासाठी प्रत्येकीने वय सांगायचं, अंगठा किंवा सही करायची. फेरफार करायचा असेल तर तेवीस तारखेपर्यंत.

आता वय. या बायकांना वय कुठून ठाऊक असणार? पोरींचे शाळेचे दाखले होते. म्हाताऱ्यांचं वय म्हणजे आठवण.

"मानमोडीच्या साथीत मी गुरं राखायची," बनुबाई म्हणाली. "त्यातच माझी आई गेली."

साहेबांनी बोटं मोजली. "एकोणीसशे अठरा. तेव्हा आठ वर्षांची धरली तर त्रेसष्ट."

"मानमोडीत माझा भाऊ माझ्या कडंवर हुता," दगडाबाई म्हणाली. बासष्ट लागलं. बाकीच्या तिघींपैकी एक जेमतेम पन्नाशीची होती. ती म्हणायला लागली, "मानमोडीत मी जल्मलेच नव्हते," तर दगडाबाईने तिला कोपर मारलं. "एकसष्ट सांग. न्हाईतर चालायच्या शर्यतीत घालतील, मरशील उन्हात. आन कळशी हाय साठीच्या पुढं."

पाचही जणी साठीच्या पुढे गेल्या. पाच अंगठे उठले.

या बायकांनी कारखान्यात लागताना काय वय सांगितलं होतं, हे त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात नव्हतं. छप्पन साली तिशीच्या पुढची बाई घेत नव्हते. तेव्हाच्या कारकुनाने प्रत्येकीपुढे एकोणतीस लिहून टाकलं होतं, शिवणकाम येतंय ना, मग झालं. कागदोपत्री त्या सगळ्या आज शेहेचाळिशीच्या होत्या. आणि कारखान्यात अठ्ठावन्नाला घरी जावं लागे.

खेळांचा कागद कळशीच्या मंजुरीसाठी वर गेला. दुष्काळाचं साल. ऊस वाळून चालला होता, हंगाम लवकर आटपणार होता, आणि माणसं कमी करायला वरचे साहेब कारण शोधतच बसले होते. हेडक्लार्कने खेळांचा कागद आणि जुनं हजेरीबुक शेजारी शेजारी ठेवलं, वयं टिपून घेतली आणि कागद कानवडे साहेबांकडे परत पाठवला. अठरा जानेवारीला पाचजणींच्या हातात पाच नोटिसा आल्या: वय लपवून नोकरी केली, एक फेब्रुवारीपासून येऊ नये, काही म्हणणं असल्यास चोवीस तारखेला मोठ्या साहेबांपुढे मांडावं.

नोटीस कानवडे साहेबांनीच वाचून दाखवली.

"म्हंजी कामावरनं काढलं?" बनुबाईने विचारलं.

"तुम्हीच अंगठे दिलेत हो. मला काय माहीत..."

"तुमाला काय माहीत!" दगडाबाई पुढे आली. "खेळाच्या नावानं आमचं वय काढलं! बाईचं वय काडून घेत्यात कोन? लगीन जुळवनारा न्हाईतर सरन रचनारा. तुमी त्यातलं कोन?"

साहेब गेले. आणि मग बनुबाई वळली. सोळा वर्षांत ती दगडाबाईवर कधी आवाज चढवून बोलली नव्हती.

"तू सांगितलंस. वय वाडवून सांगा. कळशी हाय. तुझ्या कळशीत जीव दिऊ आता? एक तारखेपासनं सडकंवर खडी फोडायची मी? ह्या हातानं?" तिने हात पुढे केला. दोन बोटं वळत नव्हती. "दगडे, तुजं तोंड हाय का गटार? येकदा उघडलं की दुसऱ्याच्या दारात घान."

हे दगडाबाईला नोटिशीपेक्षा जास्त झोंबलं.

कारखान्याबाहेर काम म्हणजे दुष्काळी काम, रस्त्याची खडी. बासष्टाव्या वर्षी हातोडा. पाथर्डीला जायचं तर तिथे दीरही मेलेला, आणि विहिरीला पाणी नाही. तिने दोन दिवस विचार केला. जेवताना केला, पोती शिवताना केला, आणि कारण नसताना तिघींना शिव्या देताना केला. विसाव्या तारखेला तिच्या डोक्यात आलं. आपल्या पाचजणींचं वय खरं का ठरलं? तर बाकी नऊजणींचं खरं लिहिलंय म्हणून. कागद खरा दिसतो तो त्या पोरींमुळे. त्या पोरींनी थापा मारल्या असत्या तर?

पण मग त्या पोरींकडे जावं लागणार. तिला खडी फोडणं परवडलं असतं.

जेवायच्या सुट्टीत ती आत, काळोखात गेली. सोळा वर्षांत ती तिकडे बसायला कधी गेली नव्हती. नऊजणी भाकरी सोडून बघायला लागल्या.

"बसा मावशी," एस्तेर म्हणाली. "हितं धुरळा लई हाय. तुमाला सवं न्हाई."

"बसायला न्हाई आले." आणि उभ्याउभ्याच तिने सांगितलं. तेवीसच्या आत जाऊन वय बदला. साठीच्या पुढचं सांगा सगळ्या.

एक पोर फिसकन हसली. एस्तेर हसली नाही. तिने भाकरीचा तुकडा चावून गिळला, पाणी प्याली, मग म्हणाली, "का?"

"का म्हंजी? आमी पाचजनी जाऊ ना."

"जा की. आमाला काय? दार मोकळं हुईल."

"दार मोकळं हुईल!" दगडाबाईचा तोल गेला. "तुला वाटतं आमच्या जागी नव्या घेतील? ह्या दुष्काळात? पाचजनींचं काम तुमच्या नऊजनींच्या बोकांडी बसंल, येडे! शीव मग रात पडूस्तवर."

एस्तेरने इतर पोरींकडे पाहिलं. हे तिला आधीच कळलं होतं, एवढंच की म्हातारीच्या तोंडून ऐकायचं होतं.

"करतो. पन मग दार आळीपाळीनं. दर आठवड्याला पाचजनी बदलायच्या. आन सुतळीच्या तुकड्यांचे चौदा वाटे."

"चौदा!"

"चौदा."

"तुकड्यांवर माझा हक्क हाय. मी रिवाज पाडला."

"मग रिवाजाला म्हना, तुमची नोटीस फाड."

दगडाबाईच्या तोंडाला इतक्या शिव्या आल्या की कुठली आधी द्यावी ते ठरेना. शेवटी एकही दिली नाही. "बरं," म्हणाली.

"सगळ्यांच्या देखत म्हना."

"बरं म्हनलं ना! ढोल वाजवू का आता?"

त्याच दुपारी नऊ पोरी रांगेने कानवडे साहेबांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. पहिलीने वय सांगितलं अडुसष्ट. दुसरीने एकाहत्तर. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"ही काय थट्टा आहे?"

"कळशी पायजे साहेब," एस्तेर म्हणाली. "साठीच्या पुढं पितळंची कळशी आन आमाला प्लास्टिकचा डबा. असं का?"

"पण तुझं वय बावीस आहे. दाखला आहे तुझा."

"म्हाताऱ्यांना दाखला मागितला का तुमी? त्यांचं त्यांनी सांगितलं ते लिहून घेतलं. मग आमचं का न्हाई? का म्हाताऱ्या तुमच्या आत्या लागत्यात? लिवा. एस्तेर साळवे, ऐंशी."

कानवडे साहेबांनी पेन उचललं आणि एकेक वय खोडून नवं लिहिलं, शेजारी सही घेतली. त्यांना कळलं होतं की नव्हतं, देव जाणे. कळलं असेल तर त्या मुलाने कारखान्यात केलेलं ते पहिलं शहाणपणाचं काम.

चोवीसला चौदाही जणी मोठ्या साहेबांच्या खोलीत दाटीवाटीने उभ्या होत्या. मोठे साहेब मॅनेजर. पन्नाशीचे, डोक्यावर टक्कल, वेळ कमी. त्यांनी कागद वाचायला घेतला आणि अर्ध्यावर थांबले.

"एस्तेर साळवे, वय ऐंशी. कोण?"

एस्तेर पुढे झाली. वेणी पाठीवर, कानात डूल.

"तू ऐंशीची?"

"व्हय साहेब. मानमोडीच्या साथीत माजी नातवंडं खेळत हुती."

बनुबाईच्या नाकातून एक आवाज आला. तिने पदर तोंडावर दाबला. मोठे साहेब हेडक्लार्ककडे वळले. "हाच तुमचा पुरावा?"

"साहेब, पोरी खोटं सांगतायत, पण म्हाताऱ्यांचं खरं आहे," हेडक्लार्क म्हणाला.

"कशावरून? एकाच कागदावर नऊ खोटी आणि पाच खरी? हा कागद घेऊन उद्या मी लेबर कोर्टात उभा राहू? म्हणू, न्यायाधीश महाराज, ही आमची ऐंशी वर्षांची कामगार, वेणी घालून आली आहे?" त्यांनी कागद कानवड्यांच्या अंगावर टाकला. "खेळ काढलेत खेळ! मनं जुळवणार होता ना? हजेरीबुकातलं वय धरा. नोटिसा परत घ्या."

बायका वळायला लागल्या.

"थांबा. हे डोकं कुणाचं?"

नऊ पोरींपैकी एकीनेही दगडाबाईकडे मान वळवली नाही, हे खरं. पण बनुबाईने पाहिलं. सवयीने पाहिलं की मुद्दाम, ते तिलाच ठाऊक.

"मुकादम तुम्हीच ना?" मोठे साहेब म्हणाले. "आता नाही. कानवडे, यांची मुकादमी काढा. लिहिता येणारी ठेवा. ती ऐंशीची आहे ना, ती ठेवा. अनुभव दांडगा आहे तिचा."

बाहेर उन्हात आल्यावर दगडाबाई बनुबाईला म्हणाली, "ऱ्हायलं ना काम? आता तरी बोल नीट."

"काय बोलू? तुझ्या तोंडानं गेलं, पोरीच्या तोंडानं आलं," बनुबाई म्हणाली आणि पुढे चालू लागली.

सव्वीसला खेळ झालेच. चौदाही जणी साठीच्या पुढे, म्हणून धावणं नाही, चालणं नाही, सगळ्या मैदानात मांडी घालून दाभण ओवायला बसल्या आणि कारखान्याची माणसं कुंपणाशी उभी राहून हसली. बाविशीच्या डोळ्यांपुढे बासष्टीचे डोळे काय टिकणार? एस्तेरने कळशी घेतली. कुणाला दिली नाही, देऊ का म्हणून विचारलंही नाही. "ऐंशीच्या बाईची नजर बघा," बनुबाई म्हणाली, आणि त्या दिवशी हसली ती एवढ्याच एका वाक्याला. मनं जुळली असं कानवडे साहेबांनी अहवालात लिहिलं.

एक फेब्रुवारीला भोंग्याआधी दगडाबाई गोदामात आली. दाराशी नव्यांतल्या पाच पोरी बसलेल्या होत्या. त्या आठवड्याची पाळी त्यांची. ही न भांडताच आत गेली, पाठीशी भिंत घेऊन बसली आणि पहिलं पोतं ओढलं. बनुबाई दोन हात सोडून बसली. पूर्वी एक हात असे.

दहाच्या सुमारास एस्तेर फिरत फिरत आली. नवी मुकादमीण, हातात वही. प्रत्येकीचं एकेक पोतं उचलून टाके बघत होती. दगडाबाईचं पोतं तिने दाराकडे धरलं, बोट फिरवलं.

"मावशी, टाका लांब पडलाय. साखर गळंल."

सोळा वर्षांत दगडाबाईला हे कुणी म्हटलं नव्हतं. तीच इतरांना म्हणायची, आणि कुणी काळोखाचं नाव काढलं की म्हणायची, बोटांना डोळे नाहीत का तुमच्या? तिने पोतं हिसकावून घेतलं. बोटांनी चाचपलं. टाका लांब होता. एकच नाही, सगळी ओळ.

तिने दाभणाच्या टोकाने सुतळी उचकटली आणि अख्खी ओळ उसवायला घेतली.

"अवं, सगळं कशाला? तेवढाच टाका घाला. दुपार हुईल."

"हुऊ दे," दगडाबाई मान वर न करता म्हणाली. "मला कुटं जायचंय? सरक, उजेड अडवू नगं."

एस्तेर सरकली. दारातून येणारा जेवढा उजेड तिथवर पोचत होता तेवढा पोत्यावर पडला, आणि दगडाबाई पहिल्या टाक्यापासून पुन्हा शिवायला लागली.